दूध संस्थेचे स्वयंचलित कामकाज : आधी व्यवस्था, मग यंत्र

सहकारी दूध संस्था ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. १९४६ साली गुजरातमधील खेडा जिल्ह्यात दूध उत्पादकांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली आणि उत्पादकानेच आपल्या दुधाच्या व्यवसायाचा धनी व्हावे, हा विचार मूर्त रूपास आला. महाराष्ट्रात १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना झाली. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ कार्यक्रमाने या चळवळीला देशव्यापी स्वरूप दिले. १९९८ पासून दूध उत्पादनात भारत जगात अग्रस्थानी आहे. या साऱ्या इमारतीचा पाया म्हणजे गावची प्राथमिक दूध संस्था होय.

ही संस्था आकाराने लहान असली, तरी ती एक पुरता व्यवसाय आहे. ती माल खरेदी करते, त्याची प्रत ठरवते, तो पुढे संघाला विकते, सभासदांना पशुखाद्य उधारीवर देते, अडीअडचणीला उचल देते आणि ठराविक मुदतीने सर्वांचा हिशेब चुकता करते. सभासद वाढले, गोठ्यातील जनावरे वाढली, की संस्थेचा व्याप वाढतो. परंतु लिहिणारे हात मात्र तेवढेच राहतात. अशा वेळी संचालक मंडळापुढे साहजिकच यंत्रसामग्रीचा विषय येतो. इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट तपासणारे यंत्र, संगणक, छपाई यंत्र यांची दरपत्रके मागवली जातात. सभेत ठराव होतो आणि यंत्रे येऊन दाखल होतात.

यंत्रे आली म्हणजे कामकाज स्वयंचलित झाले, असे मात्र नाही. एका टप्प्यावर नोंदलेली माहिती कोणी पुन्हा न लिहिता पुढच्या टप्प्यास आपोआप पोहोचणे, म्हणजे स्वयंचलित कामकाज. यंत्राला स्वतःची नीती नसते. जी व्यवस्था त्याच्या स्वाधीन करावी, तीच ते अधिक वेगाने चालवते. व्यवस्था चोख असेल तर न्याय वेगाने होतो. ती सदोष असेल तर अन्यायही त्याच वेगाने होतो. म्हणूनच यंत्राच्या खरेदीपूर्वी करावयाच्या विचाराला यंत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व आहे.

आकड्यांचा प्रवास

उदाहरणादाखल दोनशे सभासदांची एक संस्था घेऊ. प्रत्येक सभासद सकाळी व संध्याकाळी सरासरी अडीच लिटर दूध घालतो असे धरल्यास, संस्थेत दररोज ४०० वेळा दूध मोजले जाते आणि एकूण १,००० लिटर दूध जमा होते. प्रत्येक वेळी लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असे पाच आकडे नोंदावे लागतात. दहा दिवसांच्या बिलासाठी ४,००० नोंदी आणि २०,००० आकडे होतात. हे आकडे संकलनाच्या रजिस्टरात, सभासदाच्या कार्डावर आणि बिलाच्या वहीत असे तीन ठिकाणी लिहावयाचे, तर लेखणी ६०,००० वेळा चालवावी लागते. हजारात एक आकडा चुकला असे मानले, तरी दर बिलात साठ चुका होतील. पशुखाद्याची उधारी, उचल आणि कर्जाचा हप्ता यांच्या कपाती यात धरलेल्या नाहीत. सभासद दुप्पट झाले की हे सारे दुप्पट होते.

काम केवळ अधिक असते असे नाही. त्याला विलंबही लागतो. फॅट काढण्याच्या जुन्या गर्बर पद्धतीत ब्युटिरोमीटर नावाच्या काचनळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालतात. नळ्या यंत्रात वेगाने फिरवतात, गरम पाण्यात ठेवतात आणि मग वर आलेल्या स्निग्धांशाची रेघ वाचतात. ही पद्धत विश्वसनीय आहे. परंतु रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक सभासदासमोर ती करणे शक्य नसते. म्हणून दुधाचा नमुना बाटलीत काढून ठेवावयाचा, तपासणी मागाहून करावयाची आणि फॅट सभासदास पुढच्या खेपेला सांगावयाची, असा प्रघात पडला. दूध गेले, बाटली धुतली गेली, आणि मग आकडा कळला. शंका असली तरी ती तपासून पाहण्याची सोय उरत नाही. दूध संस्थांतील अनेक तंट्यांचे मूळ या मधल्या काळात असते.

स्वयंचलित संकलनाने हे अंतर मिटते. सभासदाचा क्रमांक दिला, दूध काट्यावर ओतले, की माप थेट संगणकात जाते. थोडेसे दूध गावात ज्याला ‘फॅट मशीन’ म्हणतात त्या यंत्रात दिले, की साधारणतः मिनिटभरात फॅट व एसएनएफ समोर दिसते. साठवलेल्या दरपत्रकावरून दर व रक्कम निघते आणि पावती हातात पडते. १९९० च्या दशकात खेडा जिल्ह्यातील संस्थांतून ही पद्धत वापरात आली. पुढे ती अनेक राज्यांत पसरली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संस्थांसाठी ‘एएमसीएस’ ही संगणक प्रणालीही तयार केली. तेव्हा यंत्र मिळेल काय, हा प्रश्न आता राहिलेला नाही. ते कोणत्या व्यवस्थेत बसवावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

पहिल्या व्यावसायिक संगणकाचा धडा

या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या इतिहासाच्या अगदी आरंभीच्या पानांवर सापडते. व्यवसायाच्या नित्य कामासाठी वापरला गेलेला जगातील पहिला संगणक एखाद्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात नव्हे, तर पाव, केक आणि चहा विकणाऱ्या कंपनीत चालू झाला. लंडनच्या ‘जे. लायन्स अँड कंपनी’ची चहाची दुकाने इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी होती. किरकोळ किमतीच्या असंख्य वस्तूंची विक्री हे या व्यवसायाचे स्वरूप होते. प्रत्येक विक्रीत नफा थोडा आणि हिशेब मात्र मोठा. दूध संस्थेच्या कारभाराशी याचे साम्य सहज ध्यानात येईल.

लायन्स कंपनीने संगणकाची कल्पनाही नसताना, १९३० च्या दशकात, कार्यालयीन कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र शाखा काढली होती. कोणता कागद कोठून येतो, कोठे जातो, तो का लिहिला जातो आणि तो नसता तर काय बिघडले असते, हे पाहणे हे त्या शाखेचे काम. जॉन सिमन्स हे गणितज्ञ अधिकारी या विचाराचे प्रवर्तक होते. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेत जाऊन नव्या गणनयंत्रांची माहिती घेऊन आले. त्यानंतर कंपनीने केंब्रिज विद्यापीठातील संगणकाच्या कामास ३,००० पौंडांचे साहाय्य दिले आणि त्याच धर्तीवर स्वतःचे ‘लिओ’ हे यंत्र उभारले. नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीच्या मालाचे मूल्य काढण्याचे काम त्यावर नियमित होऊ लागले. १९५४ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार काढण्याचे काम त्याकडे आले. तत्पूर्वी ते काही काळ जुन्या पद्धतीबरोबर समांतर चालवून पडताळून पाहिले होते.

त्याच वर्षी दुकानांच्या मागण्यांचे काम यंत्राकडे आले. प्रत्येक दुकानाने दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या मालाची संपूर्ण यादी रोज कळवावी, तर माहिती भरण्यातच दिवस जाणार. डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग काढला. प्रत्येक दुकानाची एक नेहमीची मागणी ठरवून ती यंत्रात ठेवली. दुकानाच्या व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून केवळ त्या दिवशीचा फरक सांगावयाचा आणि तो तेथल्या तेथे कार्डावर नोंदला जावयाचा. काम हलके झाले ते यंत्राच्या वेगाने जेवढे, तेवढेच या विचाराने. यंत्र येण्यापूर्वी कित्येक वर्षे कामाची पद्धत तपासण्याची सवय जडली होती, म्हणूनच हे साधले.

कागदावरचा आराखडा

आपल्याकडील दूध संस्थेलाही हीच वाट धरता येईल, आणि त्यासाठी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. सचिव, मापाडी, टेस्टर आणि दोन-तीन अनुभवी सभासद यांनी एकत्र बसून, दूध दारात आल्यापासून पैसे सभासदाच्या हाती पडेपर्यंतचा प्रत्येक टप्पा क्रमाने लिहून काढावा. प्रत्येक टप्प्यापुढे चार गोष्टी नोंदवाव्यात : हे काम कोण करतो, तो कशावर लिहितो, त्याला किती वेळ लागतो आणि चूक झाल्यास ती कोणाच्या लक्षात येते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर जेथे ‘कोणाच्याच नाही’ असे येईल, तेथे व्यवस्थेचे छिद्र आहे असे समजावे. ते छिद्र बुजविल्याविना यंत्र आणू नये.

असा आराखडा तयार होऊ लागला, की आजवर केवळ वहिवाटीने चाललेल्या अनेक गोष्टी उघड होतात. दूध उशिरा आले तर घ्यावयाचे काय? गायीचे व म्हशीचे दूध मिसळलेले आढळल्यास दर कोणता? दूध किलोने मोजावयाचे की लिटरने? एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते. काटा किलोत आणि दरपत्रक लिटरमध्ये असेल, तर रूपांतर कसे करावयाचे हे आधी ठरले पाहिजे. सचिवाच्या डोक्यात असलेले हे नियम संगणकास ठाऊक नसतात. ते लिहून, संचालक मंडळात मंजूर करून, फलकावर लावावे लागतात. नियम लेखी होणे, हा स्वयंचलित कामकाजाचा पहिला लाभ आहे, आणि तो एकही यंत्र न घेता मिळतो.

वहिवाट यंत्रात जशीच्या तशी उतरवल्यास काय घडते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. काटा ५.४८ लिटर दाखवत असता वहीत ५.४ एवढेच लिहावयाचे आणि शेवटचा अंक सोडून द्यावयाचा, अशी पद्धत हातलेखनाच्या सोयीसाठी पडू शकते. शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत काहीही असू शकतो. म्हणजे दर खेपेस सरासरी ४५ मिलिलिटर दूध नोंदीबाहेर राहते. वर घेतलेल्या संस्थेत दिवसाच्या ४०० मापांत १८ लिटर आणि दहा दिवसांत १८० लिटर दूध असे बाजूला पडेल. हे दूध संस्थेच्या वाढाव्यात जमा होते आणि वर्षअखेर फरकाच्या रूपाने सभासदांनाच परत मिळते, असे यावर सांगितले जाईल. परंतु फरक वाटला जातो तो नोंदलेल्या लिटरवर. दहा लिटर घालणाऱ्याचे ४५ मिलिलिटर गेले तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी तूट येते. एक लिटर घालणाऱ्याची तूट साडेचार टक्के होते. ज्याच्या दारी एकच म्हैस, त्याच्यावर या वहिवाटीचा भार सर्वांत अधिक पडतो. संगणकाला दोन्ही अंक लिहिण्याचे श्रम सारखेच. असे असता जुनी पद्धत त्यात कायम ठेवली, तर ज्या अडचणीमुळे ती पडली ती अडचण नाहीशी होऊनही अन्याय तेवढा शिल्लक राहील.

यंत्राचे काम, माणसाचे काम

सर्वच कामे यंत्राकडे सोपवणे इष्ट नसते. जे काम रोज त्याच नियमाने, त्याच क्रमाने होते, ते यंत्राचे. माप उतरवून घेणे, दरपत्रकावरून रक्कम काढणे, बेरजा करणे, कपाती वजा घालणे, बिल तयार करणे ही अशी कामे होत. ज्यात परिस्थिती पाहून निर्णय करावा लागतो, ते काम माणसाचे. एखाद्याचे दूध नासले म्हणून परत करणे, दुखणे-खुपणे असलेल्या घरची उधारीची कपात एका बिलापुरती थांबवणे, तक्रार ऐकणे, फॅट एकाएकी घसरली तर जनावराची विचारपूस करून पशुवैद्यकाकडे धाडणे, ही कामे यंत्र करू शकत नाही. लिहिण्याचे ओझे उतरल्यावर सचिवास या कामांसाठी वेळ मिळावा, हाच यंत्राचा हेतू असावा.

यंत्राने दिलेला प्रत्येक आकडा अचूक असतो, ही समजूतही टाकून द्यावयास हवी. फॅट मशीन हे तुलनेने आकडा सांगणारे यंत्र आहे. गायीच्या व म्हशीच्या दुधासाठी त्याची जुळणी वेगवेगळी करावी लागते. नमुन्यात हवेचे बुडबुडे असतील, तो नीट ढवळला नसेल, किंवा यंत्राच्या नळीत आधीच्या दुधाचा साका राहिला असेल, तर आकडा चुकतो. म्हणून जुनी गर्बर पद्धत अडगळीत टाकू नये. आठवड्यातून एकदा काही नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून फरक नोंदवावा आणि ठरवलेल्या मर्यादेबाहेर तो गेल्यास यंत्र दुरुस्त होईपर्यंत त्याचा आकडा बिलासाठी धरू नये. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी व मुद्रांकन वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार दर बारा महिन्यांनी करून घ्यावे लागते. पडताळणीचे प्रमाणपत्र सभासदांना दिसेल अशा ठिकाणी लावावे.

वारणेचा अनुभव

गरजेपेक्षा मोठे यंत्र घेण्याचा मोह हाही नियोजनात टाळावयाचा दोष आहे. या बाबतीत वारणा परिसरातील अनुभव उद्बोधक ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील सहकारी संस्थांच्या सहभागाने आणि केंद्र व राज्य शासनाच्या साहाय्याने १९९८ मध्ये परिसरातील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावातील केंद्रावर संगणक ठेवून शेतकऱ्यांना नानाविध माहिती पुरवावी, असा व्यापक हेतू त्यामागे होता. ग्रामीण भागात संगणक नेण्याच्या देशातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की प्रत्यक्षात संगणकाचा उपयोग प्रामुख्याने ऊस व्यवस्थापनाच्या कामापुरता होतो. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती मोजकी होती : आपल्या उसाचे वजन किती भरले, तोडणीची परवानगी कधी, खताचा हिशेब काय. एवढी माहिती काही अंकांत मावते. तेव्हा संगणकाऐवजी साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशांनी तेच काम करण्याचा प्रयोग सात गावांत आठ महिने करण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकावर होणारी सर्व कामे या पद्धतीने पार पडली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक सोयीची वाटली.

यावरून संगणक निरुपयोगी, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. आधी माहितीचा ओघ मोजावा आणि मग त्याला पुरेल एवढेच साधन निवडावे, हा यातील बोध आहे. शंभर लिटरच्या केंद्रास काटा, फॅट मशीन व मोबाइल फोन पुरेसा ठरेल. हजार लिटरच्या संस्थेस संगणक लागेल. खर्चाचा विचारही यंत्राच्या किमतीवर थांबवू नये. दुरुस्ती, वीज, कागद, प्रणालीचे वार्षिक शुल्क आणि झीज धरून वर्षाचा एकूण खर्च काढावा व तो लिटरवर मांडावा. वर्षाला ३,६५,००० लिटर दूध आणि ७३,००० रुपये खर्च असे उदाहरण घेतल्यास लिटरमागे २० पैसे पडतात. हा आकडा सर्वसाधारण सभेपुढे ठेवला, म्हणजे आपण कशासाठी किती मोजतो आहोत, हे प्रत्येक सभासदास कळते.

अंमलबजावणीचे टप्पे

आराखडा मंजूर झाल्यावर प्रत्यक्ष काम टप्प्याटप्प्याने करावे. पहिला टप्पा सभासद यादीच्या शुद्धीकरणाचा. मयत सभासदांची नावे, एकाच नावाचे दोन सभासद, बंद पडलेली खाती, जुळत नसलेली उधारीची बाकी या सर्वांचा निकाल आधी लावावा. प्रत्येक सभासदास त्याची बाकी लेखी कळवून सही घ्यावी. अशुद्ध यादी संगणकात भरली, तर पुढे तिच्यावर छापील आकड्याचे तेज चढते आणि ती चूक सिद्ध करणे सभासदास अवघड होऊन बसते.

दुसरा टप्पा समांतर चाचणीचा. दुधाचा पुष्टकाळ सुरू असताना नवी पद्धत आणू नये. रांगा लांब असतात आणि गोंधळास वाव अधिक असतो. कृशकाळात, दहा दिवसांच्या बिलाचा पहिला दिवस धरून आरंभ करावा. किमान तीन बिले जुनी वही आणि नवे यंत्र दोन्ही चालू ठेवावी. बिल वहीवरून द्यावे, यंत्राचे बिल शेजारी ठेवून प्रत्येक फरकाचे कारण शोधावे. काही वेळा चूक यंत्राची निघेल, काही वेळा वहीची. तीन बिले निर्दोष जुळली म्हणजेच वही बंद करावी.

तिसरा टप्पा खंडाच्या तयारीचा. वीज जाते, यंत्र बिघडते, मापाडी आजारी पडतो. परंतु जनावरांच्या धारा थांबत नाहीत आणि टँकर वाट पाहत नाही. म्हणून बॅटरीची सोय, छापील कोऱ्या नोंदवहीचा साठा आणि निदान दोन प्रशिक्षित माणसे ही आवश्यक तरतूद समजावी. दिवसाच्या नोंदींची एक प्रत दररोज दुसऱ्या ठिकाणी साठवावी. यंत्र पुरवणाऱ्याशी करार करताना दुरुस्ती किती तासांत होईल हे लिहून घ्यावे. तसेच संस्थेच्या नोंदी ही संस्थेची मालमत्ता असून करार संपल्यावर त्या वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, ही अटही घालावी.

चौथी गोष्ट दुरुस्तीच्या अधिकाराची. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची सोय हवीच. पण दुरुस्ती कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने केली, आधीचा आकडा काय होता आणि नंतरचा काय झाला, हे सर्व कायम राहिले पाहिजे. हाताने भरलेल्या नोंदींना वेगळी खूण असावी. अशा नोंदींची यादी दर बिलापूर्वी संचालक मंडळापुढे यावी. वार्षिक लेखापरीक्षणात लेखापरीक्षकासही तिचा उपयोग होतो. दरपत्रक बदलण्याचा अधिकार एकट्या व्यक्तीकडे नसावा. सचिव व अध्यक्ष या दोघांच्या मान्यतेनेच तो बदल व्हावा.

पावती आणि पैसा

या सर्व खटाटोपाचा शेवट सभासदाच्या हातातील पावतीवर होतो. पावती मराठीत, ठळक अक्षरांत आणि त्याच क्षणी मिळावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आकडा मोठ्याने सांगावा. काट्याचा व फॅट मशीनचा दर्शनी फलक रांगेतील माणसाला दिसेल असा असावा. आकडा मान्य नसेल तर त्याच वेळी, त्याच दुधाचा दुसरा नमुना तपासून मागण्याचा हक्क प्रत्येक सभासदास असावा आणि तो हक्क फलकावर लिहिलेला असावा. जुन्या पद्धतीत वहीवरच्या अक्षराशी वाद घालता येत असे. छापील चिठ्ठीपुढे सामान्य माणूस गप्प बसतो. त्याने गप्प बसू नये, अशी योजना करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट पंचायत सदस्य व शिक्षक यांनी आवर्जून पाहावयास हवी. वैरण-पाणी, शेण-गोठा आणि पुष्कळदा धार काढणे ही कामे घरातील स्त्रीच करते. संस्थेत दूध घेऊन येणारीही अनेक ठिकाणी तीच असते. बिल रोखीने मिळत असे, तेव्हा निदान दूध घालणाऱ्या हाती पैसे पडण्याची शक्यता होती. स्वयंचलित कामकाजात रक्कम थेट बँक खात्यात जाते, आणि सभासदत्व व खाते जर पुरुषाच्या नावे असेल, तर तिच्या श्रमाचा पैसा तिच्या नजरेसही पडत नाही. यंत्राचा येथे काही दोष नाही. नाव कोणाचे लिहावयाचे, हे माणसे ठरवतात. सभासद यादीचे शुद्धीकरण करताना, दूध प्रत्यक्ष घालणाऱ्या स्त्रीच्या नावे सभासदत्व व बँक खाते करण्याची संधी संस्थेने घरोघर सांगितली पाहिजे. बँकेचा फॉर्म भरून देण्यात शाळेतील शिक्षकांचे आणि त्यासाठी घरच्यांचे मन वळवण्यात पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

विश्वासाचे भांडवल

दूध संस्थेचे भागभांडवल थोडे असते. तिचे खरे भांडवल म्हणजे सभासदांचा विश्वास. पहाटे अंधारात दोन लिटरची किटली घेऊन आलेला माणूस संस्थेच्या मापावर विसंबतो, म्हणून संस्था चालते. तो विश्वास उडाला, की दूध खासगी गवळ्याकडे जाते आणि चांगली इमारत व महागडी यंत्रे असूनही संस्था ओस पडते. स्वयंचलित कामकाजाने हा विश्वास दृढ होऊ शकतो, कारण माप, प्रत आणि पैसा यांमधील अंतर त्यामुळे मिटते. मात्र त्यासाठी नियम लेखी हवेत, यादी शुद्ध हवी, चाचणी पुरेशी हवी आणि शंका विचारण्याचे दार उघडे हवे.

ही तयारी पतसंस्थेस, रास्त भाव दुकानास, पाणीपुरवठा योजनेस आणि ग्रामपंचायतीच्या करवसुलीसही तितकीच लागू पडते. ज्या संस्थेला आपले काम कसे चालते हे एका कागदावर लिहून दाखवता येते, तिने खुशाल यंत्र घ्यावे. ज्या संस्थेला ते अद्याप लिहिता आले नाही, तिने पुढील मासिक सभेत दरपत्रके उघडण्यापूर्वी तो कागद लिहावयास घ्यावा. त्याला खर्च नाही, आणि यंत्रावर होणारा सारा खर्च सत्कारणी लागेल की नाही, हे त्या कागदावरच ठरणार आहे.